उपचारास सहकार्य नाही

दर दुसऱ्या शनिवारी विक्रम आणि विनीता नव्वद मैलांवरच्या शहरातून भाजी घेऊन यायचे. एप्रिल २००६ मधल्या अशाच एका शनिवारी विक्रमची आई, शैलजाताई, गॅरेजच्या दारात उभ्या राहून गाडीतून पिशव्या उतरताना बघत होत्या. पालक, फ्लॉवर, गाजरं, सफरचंदाची पेटी, दुधाचे चार कॅन. गॅरेजमध्ये दोन डीप फ्रीझर होते. एकात शहरातला माल जायचा. दुसऱ्यात शिकागोच्या देशी बाजारातून, डेव्हन ॲव्हेन्यूवरून, आणलेली मेथी, भेंडी, पराठे, खवलेला नारळ. त्यासाठी दोघं वर्षातून दोनदा चौदा तास गाडी चालवत शिकागोला जायची.

"एवढं कशाला रे साठवता?" शैलजाताईंनी विचारलं.

"इथे काही मिळतच नाही, आई," विनीता म्हणाली. तिला नववा महिना लागला होता, पाठीला हात लावून ती पायरीवर बसली होती. "सत्तावीस मैलांवर एक गॅस स्टेशन आहे. तिथे चिप्स, सोडा आणि पॅकेटमधला ब्रेड. मागे एकदा लेट्यूस दिसलं, ते पण काळं पडलेलं."

"मग इथली माणसं काय खातात?"

विक्रम पेटी उचलता उचलता हसला. "त्यांना नकोच असतं गं हे. दोन वर्षं सांगतोय, प्रिंटआउट देतोय. ऐकतच नाहीत. सवयीच तशा आहेत."

हे वाक्य शैलजाताईंनी आधीही ऐकलं होतं. ऐकलं कशाला, स्वतःच्या तोंडाने कितीदा तरी उच्चारलं होतं.

विक्रम परतवाड्याचा. अमरावतीला एमबीबीएस करून अमेरिकेत आला, रेसिडेन्सी पूर्ण केली. त्यानंतर व्हिसाच्या नियमाप्रमाणे दोनच वाटा होत्या. एक तर मायदेशी परत जायचं, नाहीतर जिथे डॉक्टर जायला तयार नसतात अशा ठिकाणी तीन वर्षं काढायची. त्याला साउथ डकोटातल्या लाकोटा आदिवासींच्या रिझर्वेशनवरचा, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या प्रदेशातला, सरकारी दवाखाना मिळाला. माळरान, वारा आणि मैलोन्‌मैल अंतरावर विखुरलेली घरं. रिझर्वेशनच्या एका टोकाला क्रो विलो नावाची वस्ती आणि वस्तीच्या कडेला दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांची घरं. तीनपैकी दोन वर्षं संपत आली होती. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या डॉक्टरांच्या एका ग्रुप प्रॅक्टिसने त्याला पुढच्या उन्हाळ्यात घ्यायची तयारी दाखवली होती. विनीता पुण्याची, सॉफ्टवेअरमधली. या व्हिसावर तिला नोकरी करायला बंदी होती. ती कॅलेंडरवर महिने खोडत होती.

शैलजाताई सुनेच्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांकरता आल्या होत्या. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. पंचवीस वर्षं त्या सातपुड्याच्या डोंगरातल्या कोरकू वाड्या-वस्त्यांवर अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका होत्या. पायी हिंडल्या, नाले ओलांडले, मुलांची वजनं तपासली. निवृत्तीच्या समारंभात त्यांना शाल आणि नारळ मिळाला, आणि "आदिवासी बालकांची माउली" असा उल्लेख झाला. त्या वेळी त्या मान खाली घालून बसल्या होत्या. लोकांना तो विनय वाटला.

मे महिन्यात प्रीता जन्मली. बाळ सव्वा महिन्याचं झालं तशा शैलजाताई रोज सकाळी तिला ढकलगाडीत घालून दवाखान्याच्या आवारात फेरी मारू लागल्या. तिथल्या बाकावर त्यांना डेल्फिन भेटली.

डेल्फिन साठीची होती. जाड भिंगांचा चष्मा, पांढरी वेणी, आणि नेहमी इस्त्रीचा ब्लाउज. पंधरा वर्षांचा मधुमेह. ती इन्सुलिन न्यायला आरोग्यसेविका रोनाच्या व्हॅनमधून यायची आणि व्हॅन परत निघेपर्यंत तीन-तीन तास बसून राहायची. पहिल्या दिवशी तिने बाळाकडे बघून बोट पुढे केलं. प्रीताने ते धरलं. पुढच्या खेपेला शैलजाताईंनी डब्यातून ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी आणली. पीठ डेव्हन ॲव्हेन्यूचंच होतं. डेल्फिनने भाकरीचा वास घेतला, तुकडा सावकाश चावला आणि म्हणाली, "हिला जमिनीची चव आहे."

शैलजाताईंचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहाराचं. डेल्फिन हळू, तोडून बोलायची. दोघींचं जमून गेलं. जूनमध्ये एका रविवारी डेल्फिन त्यांना माळावर घेऊन गेली. गवतात जांभळ्या फुलांची झुडपं होती. काठीने उकरून तिने एक कंद वर काढला. त्याची काळसर साल सोलली की आत पांढराशुभ्र गर. तिप्सिला म्हणतात त्याला.

"माझी आजी याची वेणी करून टांगायची," डेल्फिन म्हणाली. "हिवाळाभर पुरायची. आता बरीचशी जमीन कुंपणाच्या पलीकडे गेली. माणसं आतल्या बाजूला राहिली, जेवण बाहेरच्या."

हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. शैलजाताईंना डोंगरातल्या बायका आठवल्या. जंगल बंद झाल्यावर त्याही याच आवाजात सांगायच्या.

जुलैमध्ये रोना संध्याकाळी विक्रमच्या घरी आली. पस्तिशीची, उंच, थेट बोलणारी लाकोटा बाई. वस्तीतल्या काही बायकांनी मिळून एक बेत आखला होता. भाजी आणि ताजं मांस घेऊन आठवड्यातून एकदा प्रत्येक वस्तीवर जाणारा ट्रक, आणि हळूहळू स्वतःचं दुकान. अनुदानासाठी अर्ज तयार होता. सोबत डॉक्टरचं पत्र हवं होतं.

"काय लिहायचं त्यात?" विक्रमने विचारलं.

"जे खरं आहे ते. की तुमच्या पेशंटांना तुम्ही सांगता ते जेवण इथे मिळत नाही. आणि त्यामुळे ते आजारी पडतात."

विक्रमने चष्मा पुसला. "रोना, मी औषधाबद्दल लिहू शकतो. जेवण कुठे मिळतं, हे माझ्या कामात बसत नाही."

तिने अर्ज उचलला. "साखर तेवढी तुमच्या कामात बसते," असं म्हणून ती निघून गेली.

दार लागल्यावर विक्रम म्हणाला, "दवाखान्याच्या डायरेक्टरला असली पत्रं आवडत नाहीत. आपला मधुमेहाचा प्रोग्रॅम यशस्वी आहे असा रिपोर्ट दर तिमाहीला वर जातो. मी उलटं लिहिलं आणि त्याने माझं कॉन्ट्रॅक्ट थांबवलं, तर? वर्ष राहिलंय."

"नकोच यार ते," विनीता म्हणाली. "सगळं रिस्कवर कशाला टाकायचं?"

शैलजाताई बाळाला मांडीवर थोपटत होत्या. त्यांनी ऐकलं आणि थोपटत राहिल्या.

ऑगस्टच्या दुसऱ्या गुरुवारी विनीताने बाळाला घेतलं आणि शैलजाताई रोनाच्या व्हॅनमधून डेल्फिनच्या वस्तीवर गेल्या. वाट चाळीस मैलांची. वस्तीवरच्या हॉलसमोर सरकारी शिध्याचा ट्रक उभा होता. बायका, म्हातारी माणसं रांगेत होती. त्या रांगेत डेल्फिन दिसली. तिच्या एका पायात बूट होता, दुसऱ्यात कापडी सपात.

"तुम्ही इथे कशा? आज तुमचं मधुमेहाचं क्लिनिक ना?" शैलजाताईंनी विचारलं.

"हो," डेल्फिन म्हणाली. "महिन्याचा दुसरा गुरुवार. ट्रकही दुसऱ्या गुरुवारीच येतो. सहीला घरचं मोठं माणूस लागतं."

डेल्फिनची मुलगी जोलीन आधी शिधा घ्यायला थांबायची. जूनपासून तिला शहरात मोटेलमध्ये साफसफाईचं काम मिळालं, ती शनिवारी-रविवारीच घरी यायची. तिची तीन मुलं डेल्फिनकडे होती. म्हणून जूनचं क्लिनिक चुकलं, जुलैचं चुकलं आणि आज ऑगस्टचं.

"तुम्ही दवाखान्यात सांगितलं नाही?"

"खिडकीवरच्या मुलीला सांगितलं. तिने पुढची तारीख दिली. पुढच्या महिन्याचा दुसरा गुरुवार."

खोकी घेऊन दोघी डेल्फिनच्या ट्रेलरमध्ये गेल्या. शैलजाताईंची नजर सवयीने आधी स्वयंपाकघराकडे वळली. कुठल्याही घरात शिरलं की चूल, पाणी, धान्य बघायचं, ही पंचवीस वर्षांची सवय. पाणी निळ्या पिंपांत, बाहेरून आणलेलं. फ्रिज बंद, त्यात वह्या ठेवलेल्या. खोक्यांतून निघालं ते असं: मैदा, डालडासारखं घट्ट तूप, डब्यातलं खारवलेलं डुकराचं मांस, साखरेच्या पाकातले पीच, मॅकरोनी, दुधाची पावडर. मैद्याची तळलेली भाकरी मुलांसाठी आधीच करून झाकून ठेवलेली होती.

भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. खाली विक्रमची सही. ब्रोकोली, मासे, बेरी, अख्ख्या धान्याचा ब्रेड, ताजी फळं दिवसातून दोनदा.

"मी तो रोज वाचते," डेल्फिन हसून म्हणाली. "भूक लागली की वाचायला चांगला आहे."

मग ती खुर्चीवर बसली आणि तिने सपात काढली. अंगठ्याच्या बाजूला रुपयाएवढी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या. शैलजाताईंना वास आला. त्यांनी पिंपातलं पाणी गरम केलं, जखम धुतली आणि स्वतःच्या पदराची पट्टी फाडून बांधली. "उद्याच डॉक्टरकडे या. मी सांगते त्याला," त्या म्हणाल्या.

"तुझा मुलगा आहे ना तो? चांगला आहे. माझ्याशी बोलताना घड्याळ बघतो, पण चांगला आहे."

घरी परतताना शैलजाताईंनी मनातल्या मनात वाक्यं जुळवून ठेवली. विक्रम साडेसहाला आला. चेहरा वैतागलेला. जेवायला बसल्या बसल्या विनीताला सांगू लागला. डायरेक्टरने यादी मागितली होती. शहरातल्या पायांच्या स्पेशालिस्टकडे महिन्याला आठच पेशंट पाठवता येतात. सलग तीनदा क्लिनिक चुकवणाऱ्यांची नावं त्यातून काढायची. त्याने दुपारी अकरा नावं काढली होती.

"त्यात डेल्फिन आहे का रे?" शैलजाताईंनी विचारलं.

"आहे. तीनदा नो-शो. शेरा लिहिला, उपचारास सहकार्य नाही. मी तरी काय करू?"

"अरे, तिचं असं झालंय की गुरुवारी..."

"आई, प्लीज." त्याने ताट पुढे सरकवलं. "दिवसभर मी हेच ऐकतो. प्रत्येकाकडे कारण असतं. क्लिनिकचं तरी तू मला सांगू नकोस."

शैलजाताई थांबल्या. खरं तर थांबायचं काही कारण नव्हतं. मुलगाच होता समोर, ओरडला असता तर ओरडला असता. पण वरच्या माणसाचा आवाज चढला की आपलं वाक्य गिळायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की जीभ आपोआप टाळूला चिकटली. उद्या सांगू, त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी प्रीताला ताप आला. तीन दिवस घर त्यातच बुडालं. नंतर विषय काढायला त्यांना लाज वाटू लागली, आधी का नाही सांगितलं म्हणून. डेल्फिन दवाखान्यात आली नाही. व्हॅन बिघडली होती. शैलजाताईंनी मनाची समजूत घातली, जखम बरी होत असेल.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी रोनाने डेल्फिनला स्वतःच्या गाडीत घालून आणलं. पाय घोट्याच्या वर काळानिळा झाला होता, अंगात फणफणून ताप. विक्रमने तिला तपासलं. शहरातल्या हॉस्पिटलला फोन केला, शिरेतून औषधं सुरू केली, अँब्युलन्समध्ये तो स्वतः बसला. विष रक्तात गेलं होतं. पाय कापण्याआधीच, गुरुवारी दुपारी, डेल्फिन गेली.

रविवारी दुपारी विक्रम जेवणाच्या टेबलाशी एक फॉर्म घेऊन बसला होता. मृत्यूचा आढावा. डायरेक्टरचा निरोप होता, सोमवारी सकाळी हवा. वैद्यकीय कारण त्याने लिहून टाकलं होतं. खाली एक रकाना होता, मृत्यूला हातभार लावणाऱ्या गोष्टी. पेन तिथे थांबलं होतं.

शैलजाताई समोर येऊन बसल्या. "काय लिहितोयस?"

"फाइलमध्ये जे आहे तेच. सहकार्य नाही."

"नको लिहूस."

"आई..."

"नको लिहूस म्हणते ना!" त्यांचा आवाज फाटला. आतल्या खोलीतून विनीता बाळाला घेऊन दारात आली. "मला त्या गुरुवारीच माहीत होतं. मी तिचा पाय पाहिला होता. ट्रक आणि क्लिनिक एकाच दिवशी असतं, म्हणून ती यायची नाही. खिडकीवर तिने सांगितलंही होतं. मुलांचं जेवण सोडून कशी येणार? मला माहीत होतं आणि मी गप्प बसले."

विक्रमने पेन खाली ठेवलं. "एकाच दिवशी?"

"तुला ठाऊक नव्हतं?"

त्याने मान हलवली. दोन वर्षं तो इथे होता. क्लिनिकची तारीख त्याच्याच टेबलावर ठरली होती.

"अजून एक ऐक," शैलजाताई म्हणाल्या. "हे मी तुझ्या बाबांनाही सांगितलं नव्हतं." त्या टेबलाकडे बघत बोलत राहिल्या. "त्र्याण्णवचा उन्हाळा. आंबाढाणा नावाची वस्ती. साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं, या महिन्यात कुपोषणाच्या चौथ्या श्रेणीत एकही मूल दिसता कामा नये. पेपरवाले येऊन राहिलेत. जिच्या वस्तीत दिसेल तिची बदली गडचिरोलीला. तू बारावीला होतास. बाबांचं पहिलं ऑपरेशन झालेलं. आंबाढाण्यात सुमरती नावाची अडीच वर्षांची पोर होती. काट्यावर सहा किलो शंभर. मी सेविकेला म्हटलं, आठ लिही. आठ म्हटलं की दुसरी श्रेणी. दुसऱ्या श्रेणीला दुप्पट खाऊ मिळत नाही, दवाखान्याची गाडी मिळत नाही. बाविसाव्या दिवशी पोर गेली. कारणाच्या रकान्यात मी ताप लिहिला."

बाळाने विनीताच्या गळ्यातली साखळी ओढली.

"एकच?" विक्रमने विचारलं.

"वजनं बदलली ती चौदा मुलांची. सुमरतीचं नाव आठवतं, कारण ती माझ्या मांडीवर बसायची."

विक्रम उठला, खिडकीशी गेला, परत आला. "मला हे आज का सांगतेस? माझं मेडिकल त्याच नोकरीवर झालं, हे सांगायला? मग काय करू मी आता, डिग्री परत करू?"

"नाही. फक्त हा रकाना खरा भर. मला जमलं नव्हतं. आई म्हणते, माझं लेकरू हसत नाही, जेवत नाही, आणि आपण लिहितो, पालकांचं दुर्लक्ष. ती यायचं म्हणते आणि आपण लिहितो, सहकार्य नाही. चूक नेहमी उपाशी माणसाचीच कशी रे असते?"

"आणि कॉन्ट्रॅक्ट गेलं तर?" विनीता दारातूनच म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, घाबरलेला होता. "आई, तीन वर्षं पूर्ण झाली नाहीत तर आपल्याला हा देश सोडावा लागेल. लिटरली. प्रीता इथली आहे, आपण नाही."

"माहीत आहे गं," शैलजाताई म्हणाल्या. "मलाही तेव्हा अशीच सगळी कारणं होती. एकही खोटं नव्हतं."

विनीताने बाळ सासूच्या हातात दिलं आणि खुर्ची ओढून विक्रमच्या शेजारी बसली. "लिही," ती म्हणाली. "नाहीतर आपण शॉमबर्गला जाऊन रोज हेच बोलत बसू."

विक्रमने लिहिलं. रकाना पुरला नाही, त्याने मागचा कोरा भाग वापरला. शिधा आणि क्लिनिकचा एकच दिवस. शिध्यातल्या वस्तूंची नावं. जवळच्या ताज्या भाजीचं अंतर. आणि शेवटी, "रुग्णाने कारण कळवलं होतं. आम्ही ऐकून घेतलं नाही. स्पेशालिस्टच्या यादीतून नाव मी काढलं." त्याच कागदाच्या आधाराने त्याने रोनाच्या अर्जासाठी पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात दिलं.

रोनाने वाचलं. "हे जुलैत हवं होतं," ती म्हणाली. आभार मानले नाहीत. "उद्या हॉलमध्ये जेवण आहे. तिच्या नावाचं. या."

हॉलमध्ये दीडशे माणसं होती. ज्या वस्तीत फ्रिजमध्ये वह्या ठेवल्या जातात, त्या वस्तीने मोठ्या पातेल्यांत सूप रांधलं होतं, चोकचेरी या रानफळाचं गोड केलं होतं, भाकऱ्या तळल्या होत्या. पाहुण्यांना आधी वाढायची रीत. डेल्फिनची मुलगी जोलीन स्वतः वाटी घेऊन आली आणि विक्रमच्या पुढ्यात ठेवून उभी राहिली. शैलजाताईंनी घास घेतला. समोर यजमान उभी होती, त्यांनी आपली वाटी संपवली. आयुष्यात कितीतरी गरीब घरांत त्यांनी चहा घेतला होता. इतकं जड काही खाल्लं नव्हतं.

जेवणानंतर लोक एकेक करून डेल्फिनबद्दल बोलले. विक्रमही उभा राहिला. कागद आणला नव्हता. "मी तिच्या फाइलमध्ये लिहिलं होतं की ती उपचाराला सहकार्य करत नाही," तो म्हणाला. "ते खोटं होतं. सहकार्य मी केलं नाही. मला माफ करा असं म्हणायचा मला हक्क नाही. पण ते खोटं होतं, हे तुमच्यासमोर सांगायचं होतं."

जोलीनने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला होता. ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी खालचा होता.

"तुमच्याकडे यायचं असलं की ती आदल्या दिवशी ब्लाउजला इस्त्री करून ठेवायची. डॉक्टरला वाटायला नको, म्हणायची, की आपण निष्काळजी आहोत."

विक्रम उभाच राहिला. मग शेजारच्या म्हाताऱ्या माणसाने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

डायरेक्टरने फॉर्म परत पाठवला, "सुधारून" द्यायला सांगितलं. विक्रमने तो तसाच पुन्हा पाठवला. त्याला लेखी ताकीद मिळाली. पण चाळीस मैलांत दुसरा डॉक्टर नव्हता, त्यामुळे कॉन्ट्रॅक्ट लगेच तुटलं नाही. शॉमबर्गच्या लोकांनी मात्र ताकीद पाहिली आणि पुढे पत्र आलं नाही. मधुमेहाचं क्लिनिक सोमवारी घ्यायला सुरुवात झाली. त्यासाठी एक फोन पुरला होता. हे विक्रमला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं. रोनाचा ट्रक पुढच्या वसंतात सुरू झाला, तिच्या आणि त्या बायकांच्या खटपटीने. पहिल्या फेरीत कांदे, गाजरं, कोबी आणि बायसनचं मांस होतं. विनीता तिथे वजनं करून द्यायला उभी राहायची.

शैलजाताई ऑक्टोबरमध्येच परत निघाल्या होत्या. परतवाड्याला पोचल्यावर आठ दिवसांत त्यांनी एसटी पकडली, शेवटचे चार किलोमीटर चालल्या आणि आंबाढाण्यात सुमरतीचं घर विचारलं. सुमरतीची आई अंगणात सुपात कुटकीचं धान्य पाखडत होती. केस पांढरे झाले होते. तिने ओळखलं, बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं.

शैलजाताईंनी सगळं सांगितलं. सहाचे आठ कसे केले, का केले. वाटेत पाठ केलेली वाक्यं मध्येच तुटली, तरी थांबल्या नाहीत.

ती बाई सूप हातात धरून ऐकत राहिली. मग तोडक्या मराठीत म्हणाली, "मी तिला रोज कडेवर घेत होती, ताई. वजन मला माहीत होतं. तुमी लिवता ते खरं असते वाटे मला. म्हून मी गप बसली."

त्या रात्री शैलजाताई तिथेच राहिल्या. सकाळी अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. त्या सेविकेच्या परवानगीने काट्याशेजारी बसल्या. पहिलं मूल झोळीत बसलं. सेविका वही उघडून लिहायला लागली तसं शैलजाताईंनी तिचा हात हलकेच थांबवला, दारात उभ्या असलेल्या बायकांना आत बोलावलं आणि काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचला. "सात किलो चारशे." मग त्या पोराच्या आईकडे वळून म्हणाल्या, "आता तू म्हण. आणि वहीत हेच उतरलं का, ते बघूनच घरी जा."